थोबाडीत खाणारा मुलगा

अल ऐनमधली सगळी मराठी माणसं आमच्या मुलाला ओळखायची. नावाने नाही हं. "तो थोबाडीत खाणारा मुलगा" असं म्हणायचे. थोबाडीत मारणारी बाई मी.

मुलगा आता पस्तिशीला टेकलाय. हे लिहू का म्हणून त्याला फोनवर विचारलं, तर म्हणाला, "लिही, पण मला वाचायला पाठवू नकोस." बरं म्हटलं. म्हणजे हे तुम्हीच वाचा.

नव्वदीच्या दशकातली शेवटची वर्षं. आमच्या ह्यांना अल ऐनमधल्या एका हॉस्पिटलात मशिनं दुरुस्त करायची नोकरी होती. गाव शांत. दुबईवाले आम्हाला खेडवळ म्हणून चिडवायचे. रस्ते रुंद, खजुराची झाडं ओळीत, आणि गाडी नसेल तर बाईमाणूस घरात अडकलं म्हणून समजा. मी ड्रायव्हिंगच्या टेस्टमध्ये दोनदा नापास झाले, तिसऱ्यांदा गेलेच नाही. पुण्यात मी बँकेत होते, माझ्या हाताखाली दोन क्लार्क होते. इथे पासपोर्टवर शिक्का हाउसवाइफ, आणि त्याखाली, नोकरी करायला परवानगी नाही. तो शिक्का वाचला की माझ्या डोक्यात तिडीक जायची. ती काढणार कुणावर? सरकारी ऑफिसच्या खिडकीशी जाऊन काढता येत नाही. हे सकाळी सहाला जायचे ते संध्याकाळी दमून यायचे. दिवसभर माझ्यासमोर एकच माणूस होता, आणि तो सहा वर्षांचा होता.

राग माझ्या नाकावर असतो, हे माझ्या माहेरी सगळ्यांना माहीत आहे. हात उचलायची सवयही माहेरचीच. आम्ही सगळी भावंडं मार खाऊन मोठी झालो आणि त्याचं कुणाला काही वाटायचं नाही. मुलाने दूध सांडलं, एक. पाढा चुकला, एक. नंतर मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटायची आणि तो पडद्यामागे जाऊन उभा राहायचा. थोड्या वेळाने दोघंही विसरायचो. म्हणजे मी विसरायचे. त्याचं मला माहीत नव्हतं.

आमच्या मराठी मंडळात वीस-बावीस कुटुंबं. त्यातले एक भाऊजी इलेक्ट्रिकल इंजिनिअर होते, पण जीव सगळा सिनेमात. त्यांनी दुबईहून व्हिडिओ कॅमेरा आणला. किंमत आधी दिरहममध्ये सांगायचे, मग दहाने गुणून रुपयांत सांगायचे, आणि रुपये ऐकून स्वतःच दचकायचे. या कॅमेऱ्यावर त्यांनी छोटे विनोदी सिनेमे काढायचं ठरवलं. दहा-बारा मिनिटांचा एक. शूटिंग शुक्रवारी, कारण सुट्टी तेवढीच. दिवाळीच्या कार्यक्रमात क्लबच्या हॉलमध्ये दाखवायचे. मग टेपच्या कॉपी काढायच्या आणि जो कुणी सुट्टीवर इंडियाला निघेल त्याच्या बॅगेत कोंबायच्या. त्या काळी कुणी जायला निघालं की लोक काय काय आणून द्यायचे, त्यात ही एक भर.

मला त्यांनी आईचं काम दिलं, कारण कॉलेजात मी नाटकं केली होती. मुलाचं काम माझ्याच मुलाला. मी हरखून गेले. कुणीतरी मला काहीतरी करायला सांगत होतं, याचंच केवढं अप्रूप.

एडिटिंग वगैरे काही नव्हतं. गोष्ट ज्या क्रमाने दिसायची त्याच क्रमाने शूट करायची. सीन चुकला की टेप मागे न्यायची आणि त्याच जागेवर परत घ्यायचा. चुकलेलं पुसलं जायचं, जमलेलं राहायचं. भाऊजी "यल्ला" म्हणाले की सुरू करायचं आणि "खलास" म्हणाले की थांबायचं.

पहिल्या सिनेमाची गोष्ट अशी. एक बाई आपल्या आईशी फोनवर बोलतेय. इंडियाचा कॉल, मिनिटामिनिटाला पैसे जातायत. मुलाला कळलंय की आई फोनवर असताना ओरडू शकत नाही. तो एकेक मागणी करतो. चॉकलेट खाऊ? आई मानेनेच हो म्हणते. टीव्ही लावू? हो. उद्या शाळेला दांडी मारू? आई गोड आवाजात फोनवर "हो गं, इथे सगळं मजेत" म्हणत त्याला डोळे वटारते. शेवटी फोन ठेवायचा आणि मी लाटणं घेऊन त्याच्यामागे धावायचं, असा शेवट होता.

शूटिंग आमच्याच घरी. आवाज येतो म्हणून खिडकीचा एसी बंद ठेवलेला. जूनचा महिना. मुलगा प्रत्येक वेळी शेवटच्या वाक्याला कॅमेऱ्याकडे बघायचा. टेप मागे. परत. पुन्हा बघितलं. टेप मागे. सातव्यांदा त्याने बघितलं आणि माझा हात सुटला. लाटणं दुसऱ्या हातात होतं, नशीब. खाडकन एक थोबाडीत बसली.

कॅमेरा चालूच होता. मुलाचे डोळे मोठे झाले, तोंड उघडं पडलं, खालचा ओठ थरथरला. रडणार असं वाटलं, पण त्याने माझ्याकडे बघितलं आणि कसनुसं हसला, जणू चूक त्याचीच होती आणि तो ती कबूल करत होता. कॅमेऱ्यामागे भाऊजींना हसू आवरेना. त्यांचं हसणंसुद्धा टेपवर आलं. "खलास! वहिनी, असलं एक्सप्रेशन मागून मिळत नाही!" म्हणाले.

सगळे माझ्याकडे बघत होते. मी चटकन खाली बसले आणि मुलाला जवळ घेतलं. गालावरून हात फिरवला, पापा घेतला. "लागलं का रे राजा?" भाऊजींच्या बायकोने ज्यूसचं पाकीट दिलं, ते मीच त्याला स्ट्रॉ लावून पाजलं. टेप मागे न्यायला हवी होती. तो सीन पुसायला हवा होता. माझ्या मनात आलंही होतं. पण मी बोलले नाही, आणि तो राहिला.

दिवाळीला हॉल नुसता फुटला हो. शेवटच्या सीनला लोक खुर्च्यांवरून वाकून हसत होते. "वन्स मोर" झाला, टेप मागे नेऊन तेवढंच परत दाखवलं. माझा मुलगा पहिल्या रांगेत बसला होता, आणि लोक त्याच्या डोक्यावरून, पाठीवरून हात फिरवत होते. मला एवढा आनंद झाला की आता लिहितानासुद्धा लाज वाटते. पुण्याला टेप गेली. नणंदेचा फोन आला की आम्ही चार वेळा बघितला. माझ्या आईने मात्र विचारलं, "खरंच मारलंस का गं?" मी म्हटलं, "नाही गं, अ‍ॅक्टिंग असते ती." ती बराच वेळ गप्प राहिली आणि मग फोनच्या कार्डावरचे पैसे संपले.

झालं. त्यानंतर प्रत्येक सिनेमाचा शेवट तोच ठरला. दुसऱ्यात इंडियाहून आलेल्या पाहुण्यांसमोर मुलगा घरातली गुपितं फोडतो आणि पाहुणे गेल्यावर थोबाडीत खातो. तिसऱ्यात सुपरमार्केटात हरवतो, सापडतो आणि खातो. आम्ही खोटी मारून बघितली. मी हात हवेत थांबवायचा, भाऊजींनी टाळी वाजवायची. पण चेहरा तसा व्हायचा नाही. मग भाऊजी हळूच म्हणायचे, "वहिनी, एकदाच. हलकीशी." मी मारायचे. हलकीशी म्हणजे किती, हे ज्याला बसते त्यालाच ठाऊक. खलास झालं की मी त्याला जवळ घ्यायची, सगळे टाळ्या वाजवायचे, ज्यूस मिळायचा. मुलगा कधी नाही म्हणाला नाही. शूटिंग आहे म्हटलं की शुक्रवारी माझ्याआधी उठून तयार व्हायचा. बघा, त्याला आवडतंय, असं मी सगळ्यांना सांगायची. ह्यांनाही. हे म्हणायचे, "तुझं तू बघ, मला त्यातलं काही कळत नाही." आणि हॉलमध्ये तेही सगळ्यांबरोबर हसायचे.

हसली नाही ती एकटी आमची शेजारीण. ती रत्नागिरीकडची, तिच्या नवऱ्याचं तयार कपड्यांचं दुकान होतं. भिंतीला भिंत लागून आमची घरं. रमजानमध्ये तिच्याकडून ताट यायचं, दिवाळीत माझ्याकडून जायचं. अगदी जीवाभावाची. तिसरा सिनेमा मी तिला घरी बोलावून दाखवला, खास भजी तळली. तिने पूर्ण बघितला. शेवट झाला तरी तिच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही.

"आवडला नाही का?" मी विचारलं.

ती म्हणाली, "वहिनी, रागावू नका. ह्या पिक्चरमधला आवाज मी ओळखते. भिंतीतून येतो. फक्त भिंतीतून येतो तेव्हा मागे हसणं नसतं."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तू कोण मला शिकवणारी? तुझी पोरं काय देवदूत आहेत? एवढं तोंडावर बोलले नाही, पण भजीची बशी तिच्यासमोरून उचलली. दोन महिने मी तिच्याशी बोलले नाही. हसतील त्यांचे दात दिसतील अशी म्हण आहे आपल्याकडे. इथे न हसणाऱ्या एकीने माझी झोप उडवली होती. कारण ती खोटं बोलली नव्हती. मारताना आता मला भिंत आठवायची. मी आवाज होणार नाही असं मारायला लागले. पाठीत, दंडावर. माणूस किती खाली जाऊ शकतो ते सांगतेय.

मग एका दुपारी तो शाळेच्या बसमधून उतरून घरी आला, आणि डब्यातली पोळी तशीच. मला सकाळपासून डोकेदुखी. एक ठेवून दिली, थोबाडीतच. त्याने तो चेहरा केला. तोच, सगळा, क्रमाने. डोळे, तोंड, ओठ, मग ते हसणं. चेहरा तसाच धरून तो उभा राहिला. मग त्याने हळू आवाजात विचारलं, "खलास?"

मी स्वयंपाकघरात गेले. भांडी आपटली नाहीत. ओट्याला धरून उभी राहिले आणि मला भीती वाटली. माझ्या मुलाला लागलं की तो कसा दिसतो, हे मला माहीत नाही, असं वाटलं. दीड वर्षात मी त्याचा खरा रडवेला चेहरा बघितलाच नव्हता. तो असलाच कुठे तर पडद्यामागे होता, आणि पडद्यामागे मी कधी गेले नव्हते.

त्या रात्री मी ह्यांना सांगितलं की पुढच्या सिनेमात मी मारणार नाही. हे म्हणाले, "मग कशाला बघतील लोक?" मी म्हटलं, "नाही बघितलं तर नाही."

चौथा सिनेमा सहलीचा होता. जेबेल हफीत डोंगराच्या पायथ्याशी गरम पाण्याचे झरे आहेत, तिथे हिवाळ्यातल्या एका शुक्रवारी सगळं मंडळ गेलं. सकाळी छान थंडी. पोरं झऱ्याच्या पाण्यात पाय सोडून बसलेली, बायका मिसळीची पातेली उघडतायत. भाऊजींना मी आधीच फोनवर सांगितलं होतं. ते "बघू, बघू, इन्शाल्ला" म्हणाले होते. म्हणजे ऐकलं नव्हतं.

गोष्ट अशी की मुलगा बापाच्या बुटात गरम पाणी भरतो. शेवटचा सीन आला. आता शूटिंग बघायला चाळीस-पन्नास माणसं गोल करून उभी. सगळ्यांना माहीत होतं काय येणार ते. पोरं पुढे येऊन बसली. भाऊजी म्हणाले, "यल्ला."

मी हात उचलला आणि त्याच्या कानापाशी हवेत थांबवला. कुणीतरी टाळी वाजवली. मुलाने चेहरा केला, पण उशिरा. "नाही जमलं," भाऊजी म्हणाले. टेप मागे. परत तेच. टेप मागे. मागून एक बाई म्हणाल्या, "अहो, द्या की एक, मिसळ निवतेय." लोक हसले. तिसऱ्या वेळी मुलगाच माझ्याजवळ आला, मान वर करून कानात बोलल्यासारखं, शाळेतल्या इंग्रजीत म्हणाला, "आई, do it properly na. One time only. Then it's over."

मी भाऊजींना म्हटलं, "खलास." त्या दिवशी पहिल्यांदा तो शब्द मी बोलले. "भाऊजी, मी मारणार नाही. आज नाही आणि पुढेही नाही. दुसरा शेवट करा नाहीतर राहू द्या."

 भाऊजींचा चेहरा उतरला. मग त्यांनी सावरून घेतलं, आमच्या ह्यांना ओल्या बुटात फचफच चालायला लावलं आणि तोच शेवट केला. दोन-तीन लोक हसले. बायका माझ्याशी जरा तुटक वागल्या. मला पर्वा नव्हती. खरं सांगते, माझी छाती फुगली होती. आयुष्यात पहिल्यांदा पन्नास माणसांसमोर मी स्वतःला आवरलं होतं, आणि कुणीतरी माझं कौतुक करावं असं मला फार वाटत होतं.

परतीच्या वाटेवर गाडीत मी मागे वळले. तो खिडकीला नाक लावून बसला होता. मी म्हटलं, "काय मग? खूश ना? आता सिनेमात तुला कधीच मार बसणार नाही."

तो माझ्याकडे वळला. मग अगदी साध्या आवाजात, उद्या डब्यात काय आहे असं विचारावं तसं, त्याने विचारलं, "Then only at home?"

मी त्याच्याकडे बघत राहिले. हे समोर रस्त्याकडे बघत होते. त्याला वाटलं मला कळलं नाही, म्हणून त्याने समजावून सांगितलं. "In the picture you come after. You hold me. At home you go in the kitchen." आणि परत खिडकीतून उंट दिसतोय का बघायला लागला.

म्हणून तो शुक्रवारी माझ्याआधी उठायचा. म्हणून नाही म्हणायचा नाही. एका थोबाडीतच्या बदल्यात आई मिळत होती, आणि ते त्याला परवडत होतं. आणि मी त्या दिवशी पन्नास माणसांसमोर मोठा त्याग केल्याच्या थाटात ते बंद करून टाकलं होतं. मी गाडीत ढसाढसा रडले. ह्यांनी गाडी बाजूला घेतली. 

त्यानंतर मी मुलावर कधी हात उचलला नाही, असं लिहिलं तर किती बरं दिसेल. पण ते खोटं होईल. सवय अशी एका शुक्रवारात जात नाही. शेजारणीकडे जाऊन मी माफी मागितली, तिने चहा केला, आणि राग आला की सरळ तिच्याकडे यायचं असं आमचं ठरलं. मी जायचे. भर दुपारी, उकडत असताना, पोळ्या अर्ध्या टाकून जायचे. बहुतेक वेळा जमायचं.

एकदा नाही जमलं. तोंडी परीक्षेचा अभ्यास घेत होते, तो खोडरबराशी खेळत होता, आणि हात गेला. आवाज झाला. त्याने चेहरा केला. मी स्वयंपाकघराकडे वळले, दारापर्यंत गेले, आणि तिथून परत आले. खाली बसले. त्याला जवळ घेतलं. "चुकलं माझं," म्हटलं. त्याचं अंग माझ्या हातात लाकडासारखं ताठ होतं.

तो रडला नाही. त्याने माझ्या खांद्यावरून मान उंच करून मागे बघितलं, दाराकडे, मग खिडकीकडे, कोण बघतंय म्हणून. खोलीत आम्ही दोघंच होतो.